मामंजींच्या बाईसाहेब

कल्याणापासून ठाण्यापर्यंत आमच्या मामंजींइतका एंजिनातला जाणता माणूस दुसरा नव्हता, आणि एखादी बारीकशी खोड शोधायला त्यांच्याइतका वेळ लावणाराही दुसरा नव्हता. मामंजी म्हणजे माझे सासरे. खाडीजवळच्या भाताच्या गिरणीत वाफेचे एंजिन होते, ते मामंजी चालवीत. आम्ही राहायचो ते गिरणीच्याच आवारात, त्यामुळे एंजिन सुरू झाले की आमच्या फडताळातल्या वाट्या वाजत. माझे शिक्षण चौथ्या यत्तेपर्यंतचे, आणि हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण मामंजी कुठेतरी लिहून ठेवावेत असे फार दिवस मनात आहे.

त्या एंजिनाला मामंजी ‘बाईसाहेब’ म्हणत. सकाळी आत शिरताना जोडे बाहेर काढीत आणि “बाईसाहेब, झोप लागली का?” असे विचारीत. त्यावर सासूबाई म्हणायच्या, “तिला अहोजाहो, आणि मला जन्मभर अगं. सवत असावी तर अशी.” तरी एंजिनाची पितळेची तोंडे चकचकीत ठेवायला चिंच लागे, ती सासूबाईच न मागता पाठवीत.

मामंजींची रोग ओळखण्याची पद्धत वैद्यासारखी होती. त्यांच्याजवळ हातभर लांबीची पोकळ बांबूची नळी असे. तिचे एक टोक यंत्राला आणि दुसरे कानाला लावून, डोळे मिटून ते ऐकत बसत. ही नळी ते घरातही चालवीत. जाते जड फिरू लागले की जात्याला नळी. गाईने चारा सोडला की गाईला नळी. एकदा इकडे, म्हणजे आमच्या यजमानांना, ताप आला तेव्हा मामंजींनी मुलाच्या छातीला नळी लावली आणि सांगितले की आतली झडप नीट बसत नाही, दोन दिवस गरम पाणी द्या. ताप दोन दिवसांनी उतरला. तेव्हापासून शेजारीपाजारीही मुले घेऊन येऊ लागले.

मात्र मामंजी रोग शोधायला सुरुवात करीत ती सगळ्यांत लांबच्या ठिकाणापासून. विहिरीचा रहाट एकदा फिरेना. मामंजींनी आधी विहिरीच्या पाण्याची चव घेतली, मग दोराचा पीळ मोजला, मग दोर कुठल्या गावच्या अंबाडीचा याची चौकशी केली. दुपार झाली. शेवटी सासूबाई घागर घेऊन गेल्या आणि खुंटीला अडकलेला दोर त्यांनी सोडवला. मामंजी म्हणाले, “तिथे मी येणारच होतो.”

मी लग्न होऊन आले त्या वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट. खंडेनवमीला एंजिन बंद ठेवून त्याची पूजा करायची आणि दसरा उलटल्यावर ते पुन्हा सुरू करायचे, असा रिवाज होता. मामंजींनी त्याला आपली एक भर घातली होती. पूजेचे हार कुणी हाताने काढायचे नाहीत; बाईसाहेबांनी पहिल्या फेऱ्यात ते आपणच झुगारून द्यायचे. गाडीवाले, हमाल, आजूबाजूचे शेतकरी, सगळ्यांनी हार वाहिलेले असत. दांडा मोठ्या चाकाला जिथे जोडलेला असतो, ती जागा झेंडूत पार बुडून जाई.

दसऱ्यानंतर मामंजींनी भाताचे तूस घालून बॉयलर पेटवला. वाफ भरली. कळ फिरवली. बाईसाहेब फुसफुसल्या, पण चाक जागचे हलले नाही.

मामंजी खूश झाले. एवढा मोठा रोग त्यांना बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. त्यांनी प्रथम बॉयलरचे पाणी चाखले, मग तूस हुंगले. दुसऱ्या दिवशी झडपा उघडून पुसल्या. तिसऱ्या दिवशी दट्ट्याभोवतीचे दोर बदलले. बाहेर लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताच्या गाड्यांची रांग लागली. एका हमालाने भीत भीत विचारले, चाक थांबताना भलत्या जागी तर थांबले नसेल? मामंजी त्याच्याकडे असे पाहू लागले, की तो पोती उचलायला निघून गेला. “माझ्या हातून थांबलेलं चाक आजवर अडलेलं नाही,” एवढेच ते म्हणाले.

त्या संध्याकाळी गिरणीचे मालक शेटजी आले. ते भले गृहस्थ, पण त्यांनी स्पष्ट सांगितले की उद्या दुपारपर्यंत एंजिन चालले नाही तर मुंबईहून मिस्त्री येईल, आणि जो चालवील तोच पुढे इथे राहील. त्या रात्री मामंजी पानावरून अर्धे जेवून उठले. सासूबाईंनी सवतीचे नावही काढले नाही.

मला मात्र एक गोष्ट टोचत होती. नवमीला मामंजी आंघोळीला गेले असताना आम्ही बायका पूजेची तयारी करीत होतो. दिवा चाकाच्या आऱ्यावर ठेवावा असे मीच हळूच सुचवले होते. आरा तिरका होता, दिवा घसरू लागला. तेव्हा सासूबाईंनी दोन हमालांकडून चाक थोडे फिरवून घेतले. आरा आडवा झाला, दिवा छान बसला. मग हार पडले आणि सगळे झाकून गेले. एंजिनाचे मला काही कळत नव्हते. पण हमालाचा प्रश्न कानावर आल्यापासून तो दिवा डोळ्यांपुढून हलेना.

सांगायचे कसे? नव्या सुनेने सासऱ्यांसमोर तोंड उघडायचे नाही, आणि मी तर माहेरीसुद्धा कुणाशी मोठ्याने बोललेली नव्हते. सासूबाईंना सांगावे, तर चाक त्यांनीच फिरवायला लावलेले. त्या आधीच देव पाण्यात घालून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मामंजींची भाकरी आणि ताक घेऊन मी गिरणीत गेले. ते पाठमोरे बसून नळी लावून ऐकत होते. मी ताट ठेवले, पदर पुढे ओढला आणि एंजिनाकडे तोंड केले.

“बाईसाहेब,” मी म्हणाले, “नवमीला माझा दिवा तुमच्या आऱ्यावर टिकत नव्हता. चाक जरा फिरवून घेतलं, मग टिकला.”

मामंजींनी वळून पाहिले नाही. नळी खाली ठेवून त्यांनीही एंजिनालाच विचारले, “बाईसाहेब, कोणी फिरवलं म्हणता?”

“हमालांनी. आडवा आरा हवा म्हणून.”

मामंजी उठले. नळीच्या टोकाने त्यांनी झेंडू जरासा बाजूला केला. दांडा आणि चाक फिरवणारा हात एका सरळ रेषेत आले होते. तसे झाले की वाफ कितीही रेटो, चाकाला कुठल्या बाजूला वळावे ते कळत नाही. दाराला बिजागरीवर ढकलावे तसे ते. मामंजींनी झेंडू पुन्हा होता तसा सारला. मग म्हणाले, “बाईसाहेब, आम्ही गाढव आहोत. घरात कुणाला सांगू नका.”

हमालांनी पहार लावून चाक चार बोटे सरकवले. शेटजी मुंबईच्या मिस्त्रीला चिठ्ठी लिहायला बसलेच होते, ते कळ फिरवताना बाहेर आले. बाईसाहेबांनी एक मोठा उसासा टाकला, चाक वळले, आणि पाच दिवसांचे झेंडू उडाले ते थेट शेटजींच्या पगडीवर. घरी फडताळातल्या वाट्या वाजू लागल्या, तेव्हा सासूबाईंनी पाण्यातले देव बाहेर काढले. एंजिन कशामुळे अडले होते हे मामंजींनी त्यांना कधीही सांगितले नाही. पुढच्या दसऱ्याला त्यांनी चाकाशेजारी दिव्यासाठी एक लाकडी फळी ठोकली, एवढेच.

तेव्हापासून रोज दुपारी भाकरी नेली की आमचे बोलणे होई, बाईसाहेबांच्या मार्फत. “बाईसाहेब, आमटी आज छान झालीय.” “बाईसाहेब, माहेरचं पत्र आलं, आईला बरं आहे.” माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतके कुणाशी बोललेली नाही.

पुढे गिरणीत दोन दट्ट्यांचे नवे एंजिन आले. ते कुठेही थांबले तरी आपले आपण सुरू होई. बाईसाहेब भंगारात गेल्या आणि मामंजी घरी बसले. आठ दिवस आम्ही दोघे एका ओसरीवर असून मुके होतो. नवव्या दिवशी आंघोळीचे पाणी काढताना त्यांनी तांब्याच्या बंबाला विचारले, “बाईसाहेब, सूनबाईंच्या आईचं पत्र आलं का?”

आता मामंजींना जाऊन तीन वर्षे झाली. बंब सकाळी मीच पेटवते. पाणी तापू लागले की तो आत थोडा घुमतो. तेव्हा घरात कुणी उठलेले नसते. मी मामंजींची नळी घेऊन त्याला लावते, डोळे मिटते, आणि काल दिवसभरात काय काय झाले ते सांगते.