व्याह्याच्या दारासमोरचं जहाज

आमच्या बाबांना स्वतःच्या रागाचं फार कौतुक होतं. दुसऱ्यांचे राग येतात-जातात, यांचा एकदा आला की घरातल्या माणसासारखा मुक्कामाला राहायचा. त्या रागापायी माझी बहीण आम्हाला अंतरली, असं मी आजही म्हणते. कोणाला वाईट वाटायचं तर वाटू द्या.

अमरावतीला आमचा फुलांचा मळा होता. झेंडू, शेवंती, कडेनं वांगी-मिरच्या. मोठी बहीण अकोल्याला दिली होती. घर खाऊनपिऊन सुखी, माडीचं, भर रस्त्यावरचं. पहिल्या आखाडीला, नव्या लेकी माहेरी येतात त्या सणाला, बाबा तिला आणायला गेले, तर व्याह्यानं ओट्यावरूनच सांगितलं, "सध्या घरी कामं हायेत. मंग पाहू." बसा म्हणाला नाही की पाणी विचारलं नाही. बाबा उलट पावली परत आले आणि मायला म्हणाले, "आता बलावनं आल्याबिगर त्या घराची पायरी मी चढनार नाई. अन् तुमीबी कोनी चढाची नाई." झालं. व्याह्यानं बोलावलं नाही, बाबा गेले नाहीत, आणि दोन वर्षं निघून गेली. पोरगी जिवंत आहे एवढंच येणाऱ्या-जाणाऱ्याकडून कळायचं.

मग एक दिवस बांगड्या विकणारी कासारीण आली. ती अकोल्याकडंही फिरायची. मायचा हात दाबून बांगडी चढवता चढवता हळूच म्हणाली, "तुह्या पोरीनं सांगतलं, मायले म्हना एकदा येऊन जाय. लय वाळून गेली वो." माय त्या दिवशी जेवली नाही. बाबांनी ऐकलं होतं, ते उठून मळ्यात गेले.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं, आणि बोलपट नवे नवे आले होते. त्या वर्षी अकोल्यात समुद्रावरच्या लुटारूंचा बोलपट बरेच दिवस चालला आणि गावाला त्याचं वेडच लागलं. गणपतीच्या मिरवणुकीत यंदा गल्लोगल्ली लुटारूंची सोंगं निघणार, कापसाच्या बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, अख्खं जहाज बांधलंय, अशी बातमी आमच्यापर्यंत आली. मिरवणूक माझ्या बहिणीच्या घरावरून जायची. मायनं दोन दिवस विचार केला आणि बाबांना म्हणाली, "लहानीले जहाज पाहाचं हाय म्हनते." लहानी म्हणजे मी. मी काही म्हटलं नव्हतं. बाबांनी मायकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "जाऊ मंग." त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण जहाज पाहायला गेलं तर त्यांच्या शब्दाला धक्का लागत नव्हता.

बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही दुपारी अकोल्याला उतरलो. मायच्या फडक्यात महालक्ष्म्यांच्या प्रसादाच्या पुरणपोळ्या होत्या, बहिणीसाठी. कशा द्यायच्या हे तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली होती, "दिसली तं पाहू."

व्याह्याच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, गर्दीत आम्ही उभे राहिलो. माडीच्या खिडक्या बंद होत्या. माय एकसारखी वर पाहू लागली तसे बाबा दातओठ खाऊन म्हणाले, "तिकडं पाहू नको. आशाळभूतावानी त्याइच्या घराकडं पाहून राहिले म्हनतीन लोकं. आपन जहाज पाहाले आलो, जहाजच पाहाचं." माय मान खाली घालून म्हणाली, "जहाज पुढं सरकलं की एकडाव पाहीन." तेवढी परवानगी तिनं मागून घेतली.

मग लुटारू आले. एका डोळ्यावर चिंध्या, काजळाच्या मिशा, कमरेला लाकडी तलवारी. कापडगल्लीवाल्यांनी निळ्या धोतरांचा समुद्र केला होता आणि दोन्हीकडून पोरं तो हलवत होती. त्यामागून जहाज. सहा बैल, मोठी बंडी, वर बांबूचा सांगाडा, गोणपाटाचं शीड. समुद्र पाहिलेला माणूस त्या गर्दीत एखादाही नसेल, पण "असंच असते बरं" असं जो तो शेजाऱ्याला सांगत होता. जहाज नेमकं व्याह्याच्या दारापुढं थांबलं आणि लुटारूंची लढाई सुरू झाली. चांगली अर्धा तास चालली. मेलेले उठून पुन्हा लढत होते.

आम्ही तिघंही जहाजच पाहत होतो. बाबा हट्टानं पाहत होते. माय बाबांच्या धाकानं पाहत होती. आणि मी, खोटं कशाला बोलू, मी मजेनं पाहत होते. अकरा वर्षांची होते. बहीण बिहीण माझ्या डोक्यातून साफ गेली होती. मी टाळ्या वाजवत होते, हसत होते, आणि बाबांनी मला नीट दिसावं म्हणून दोन्ही हातांनी वर उचलून धरलं होतं.

जहाज सरकलं. मायनं वर पाहिलं. खिडक्या बंद. ती थोडी थांबली, पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, "घरी नसन." परतीच्या गाडीत मूर्तिजापूर आलं तेव्हा तिनं फडकं सोडलं आणि पोळ्या आम्हाला वाढल्या. बाबा खाता खाता शिडाची तारीफ करत होते. मला वाटतं, त्यांच्याशी मी मनातल्या मनात भांडायला लागले ती तिथून.

तीन वर्षांनी माझं लग्न ठरलं. व्याह्यानं या वेळी बहिणीला पाठवलं, दोन दिवसांसाठी, सोबत सासू. माझ्या हळदीला ती माझ्या पायाला हळद लावत होती. बाकीच्या बायका पाणी आणायला उठल्या तेव्हा मान वर न करता म्हणाली, "मजा आली होती ना तुले जहाज पाहून?"

मी पाय आखडून घेतला.

"मी खिडकी किलकिली करून पाहात होती," ती म्हणाली. "तुमी दिसले तसं मले वाटलं, बाबा न्याले आले. म्या गठुडं बांधलं. सासू म्हने, एवढ्या लोकांदेखत मांगतलं तं नाई कसं म्हनाव, जाय. मी जिन्यापाशी येऊन उभी राहिली. बाबा आता दार वाजवतीन, मंग वाजवतीन. पुन्हा खिडकीतून पाहिलं तं बाबानं तुले उचललं होतं, अन् तू हासून राहिली होती. एकाचंबी तोंड वर नाई. म्या खिडकी लावून घेतली."

मी तिला सगळं सांगितलं. जहाजाचं निमित्त होतं, तुलाच पाहायला आलो होतो, बाबांनी वर पाहू दिलं नाही, मायनं पोळ्या आणल्या होत्या. ती ऐकत राहिली आणि हळद लावत राहिली. दुसऱ्या पायाला लावून झाल्यावर म्हणाली, "मले पाहाले आले होते, तं मले पाहाचं होतं ना."

त्यापुढं ती कधी त्यावर बोलली नाही. माहेरी यायचं नावही तिनं पुन्हा काढलं नाही. पुढं व्याही गेला, सासू गेली, नवऱ्याची ना नव्हतीच, तिला अडवणारं घरात कोणी उरलं नाही. बाबा स्वतः दोनदा न्यायला गेले, पायरी चढून, आत बसून. तिनं त्यांना पाटावर बसवून जेवू घातलं आणि सांगितलं, "सध्या घरी कामं हायेत." माय गेली तेव्हा ती आली, मायच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि संध्याकाळच्या गाडीनं अकोल्याला परत गेली.