दिवाकर चुरी आणि गैरहजर कॉम्प्युटर

वसईच्या कोर्टाबाहेर चिंचेखाली बावीस वर्षं टाइपरायटर बडवलेला माणूस कॉम्प्युटरसमोर बसला की काय होतं, हे पाहायला दोन हजार एक साली आमच्या दिवाकर चुरींच्या गाळ्यात जायला हवं होतं. त्यांचं पहिलं बोट कळफलकावर पडलं की टेबलावरचा पाण्याचा ग्लास चालायला लागे. ओळ संपली की डावा हात आपोआप उठे आणि नसलेलं हँडल सरकवून परत येई. या हाताने एकदा एका पक्षकाराची टोपी उडवली होती. पक्षकाराला वाटलं, दावा हरलो.

चुरी आगाशीचे, केळीच्या वाडीवाले. वाडी धाकट्या भावाने सांभाळली आणि दिवाकररावांनी लोकांची भांडणं. म्हणजे टाइप करायला. बांधाची, विहिरीची, नवराबायकोची अशी हजारो भांडणं त्यांच्या बोटांखालून गेली, पण स्वतः ते कोणाशी भांडले नाहीत. सगळे अर्ज दुसऱ्यांसाठीच केल्यामुळे स्वतःची तक्रार कशी मांडायची हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

चिंचेखाली त्यांच्या शेजारी, त्याच बाकड्यावर, ऑगस्टीन तुस्कानो बसायचा. तोही टायपिस्ट. वीस वर्षं दोघांनी एकाच डब्यात जेवून काढली. ऑगस्टीनच्या रोझलिनने दिलेलं सुक्या बोंबलाचं कालवण दिवाकर खायचे आणि यशोदावहिनींचं केळफूल ऑगस्टीन. चुरींच्या लेकीचा, क्षितिजाचा, पहिला दात पडला तेव्हा तो ऑगस्टीनच्या खिशात सापडला होता, इतकं घरोब्याचं प्रकरण.

मग कॉम्प्युटर आले. ऑगस्टीन मुळातच चळवळ्या. त्याने सहा महिन्यांचा कोर्स केला, मशीन विकलं आणि बाजारात कॉम्प्युटर जोडून देण्याचं दुकान टाकलं. पहिलं जोडलेलं यंत्र त्याने दिवाकररावांना दिलं. ‘‘तुझं मशीन म्हणजे माझं मशीन,’’ असं तो त्या वेळी म्हणाला. हे वाक्य पुढे फारच खरं ठरलं.

त्या कॉम्प्युटरच्या भरवशावर दिवाकररावांनी चिंचेखालची जागा सोडली आणि कोर्टाजवळ गाळा घेतला. गाळ्याचा सगळा डोलारा एका माणसावर होता: ॲडव्होकेट मार्सेल. वसईतले निम्मे वाटणीचे दावे मार्सेल वकिलांकडे, आणि त्यांचं सगळं टायपिंग चुरींकडे. ते काम राहिलं तर गाळा राहणार. ते गेलं तर पुन्हा चिंच, पुन्हा बाकडं आणि बाकड्यावरच्या मंडळींचं ‘‘या साहेब, विमान उतरलं का?’’ ते सगळे या स्वागताची तयारी करून बसले होते.

वर्षभर यंत्र गुणी मुलासारखं चाललं. दोन हजार एकच्या डिसेंबरात ऑगस्टीन नाताळाआधी येऊन फुकटात साफसफाई करून गेला. आणि नऊ जानेवारीला, एका खरेदीखताच्या चतुःसीमा चालू असताना, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस नाला, दक्षिणेस... आणि दक्षिणेस काळोख. कॉम्प्युटर बंद. वीज होती, पंखा फिरत होता, बंद फक्त कॉम्प्युटर.

दुसरा कोणी असता तर यंत्रावर थाप मारून गप्प बसला असता. दिवाकररावांनी वही उघडून रोजनामा सुरू केला. कोर्टाचाच नमुना: ‘‘दि. ९ जानेवारी. सकाळी ११.१०. हजर: मी व पक्षकार. कॉम्प्युटर गैरहजर. पुढील तारीख न देता निघून गेला.’’ महिनाभरात या रोजनाम्याची तेवीस पानं झाली. ‘‘दुपारी ३.०५. मृत्युपत्राच्या मध्यावर गैरहजर. मृत्युपत्रकर्ते घाबरले.’’

ऑगस्टीन प्रत्येक हाकेला सायकलवरून येई. पहिल्यांदा म्हणाला, रॅम हलली. पट्टी काढून खोडरबराने घासली, परत खोचली. दुसऱ्यांदा म्हणाला, व्हायरस. सगळं पुसून नव्याने भरलं. त्या पुसण्यात तीन भाडेकरार आणि एक दत्तकपत्र गेलं. तिसऱ्यांदा म्हणाला, तुझ्याकडे करंटच कमी येतो. दिवाकररावांनी स्टॅबिलायझर आणला. चौथ्यांदा अर्थिंगवर विषय आला.

‘‘अर्थिंग नीट नसेल तर यंत्र असंच करतं,’’ ऑगस्टीन म्हणाला.

‘‘मग नवीन खड्डा घेऊ?’’

‘‘घे. पण खोल घे. आणि मीठ, कोळसा भरपूर घाल.’’

पन्नाशी ओलांडलेले दिवाकर चुरी गाळ्यामागे कंबरभर खड्ड्यात उभे राहून कुदळ मारू लागले. त्यात त्यांनी वीस किलो मीठ ओतलं. येणाजाणारा विचारायचा, ‘‘काय चुरी, लोणचं घालताय?’’ खड्ड्यानंतर यंत्र आठवडाभर टिकलं. मग पुन्हा गैरहजर. आता दिवाकररावांनी करंट वाचवण्यासाठी गाळ्यातला पंखा बंद ठेवला. पक्षकार घामाने निथळत प्रतिज्ञापत्रावर सह्या करत आणि सही शाईत कमी, घामात जास्त उमटे.

यशोदावहिनी म्हणाल्या, ‘‘अहो, दुसऱ्या कोणाला तरी दाखवा ना.’’

‘‘ऑगस्टीन असताना? त्याला काय वाटेल?’’

फेब्रुवारीच्या शेवटी मार्सेल वकिलांनी एक मोठा दावा दिला. सहा भाऊ, चार बहिणी, एकोणीस गट नंबर, शेहेचाळीस पानं. सोमवारी दाखल करायचाच, नाहीतर मुदत संपते. वकील म्हणाले, ‘‘चुरी, हा वेळेत झाला तर पुढचंही तुमच्याकडेच. मध्ये फार बोंब झाली आहे.’’

आता टायपिस्टाची एक खोड सांगायला हवी. बावीस वर्षं ज्याने कागदावर ठोकलं, त्याच्या लेखी ठोकलेलं अक्षर पक्कं असतं. ते सेव्ह करायचं, म्हणजे लिहिलेलं पुन्हा लिहून घ्यायचं, हे त्याच्या पचनी पडत नाही. मजकूर संपला, सही झाली, की मग दिवाकरराव सेव्ह करायचे. या वेळी मात्र त्यांनी मन घट्ट करून बारा पानं फ्लॉपीवर घेतली होती. शनिवारी एकतिसाव्या पानावर ते सेव्ह करत असतानाच यंत्र गेलं. परत लावलं तर फाइल उघडेना. हाती उरली फक्त फ्लॉपीवरची बारा पानं. चौथी बहीण, तिची दोन मुलं आणि अकरा गट नंबर नाहीसे.

मार्सेल वकील स्वतः गाळ्यात आले. घामेजलेल्या दिवाकररावांकडे पाहून त्यांनी कागद उचलले. ‘‘राहू द्या. माझा कारकून दोन बोटांनी करतो, पण करेल. चुरी, माझ्या ऑफिसातलं यंत्र बघा. डिसेंबरपर्यंत असंच रडत होतं. आता काय मुकाट चालतं!’’

सोमवारी दावा दाखल झाला. मंगळवारी वकिलांनी निरोप पाठवला की यापुढे टायपिंग ऑफिसातच होईल.

मग दिवाकररावांनी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या वायरी उपटल्या, ते चादरीत गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन विरारच्या एसटीत बसले. कंडक्टरने विचारलं, ‘‘काय आहे?’’

‘‘कॉम्प्युटर.’’

‘‘पडदा कुठाय?’’

‘‘दुकानात. आजारी हा आहे, पडदा ठणठणीत आहे.’’

‘‘मग पेशंटचं अर्धं तिकीट काढा.’’ बस हसली. दिवाकरराव हसले नाहीत. आपण ऑगस्टीनशी बेइमानी करतोय, असं त्यांना पूर्ण प्रवासभर वाटत होतं.

विरारला फुलपाड्यात स्वप्ना नावाच्या एका मुलीचा कॉम्प्युटर क्लास होता. क्षितिजा तिथे शिकत होती. स्वप्नाने कोणताही सिद्धांत मांडला नाही. तिने कॅबिनेट उघडलं, यंत्र चालू केलं आणि पाठीमागच्या लोखंडी डब्यावर हात ठेवून बसली. वीज घेऊन सगळ्या यंत्राला वाटणारा पॉवर सप्लाय तो हाच. वीस मिनिटांनी यंत्र गेलं.

‘‘काका, हात लावा.’’

दिवाकररावांनी हात लावला आणि झटकन काढला.

‘‘याचा पंखाच फिरत नाही. तापला की जीव सोडतो. थंड झाला की पुन्हा उठतो.’’ तिने क्लासातल्या दुसऱ्या यंत्राचा सप्लाय जोडला. यंत्र दोन तास चाललं, चार तास चाललं. दिवाकररावांनी ‘‘सबब कोर्टास विनंती की’’ हे दोनशे वेळा टाइप केलं, तरी चाललं.

‘‘पण हा तर नवा होता,’’ ते म्हणाले.

‘‘काका, यावर सत्त्याण्णव सालाची चिठ्ठी आहे.’’

दिवाकररावांनी चष्मा पुसून डबा खिडकीशी नेला. चिंचेखालच्या टायपिस्टांची एक रीत होती. मशीन दुरुस्तीला द्यायचं तर आतल्या प्रत्येक भागावर बायकोच्या नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्यायचा. कारण विरारचा एक मेकॅनिक चांगला रोलर काढून झिजलेला बसवायचा. ही युक्ती दिवाकररावांना ऑगस्टीननेच शिकवली होती. त्याच सवयीने त्यांनी कॉम्प्युटरच्या प्रत्येक भागावर क्षितिजाच्या बाटलीतला ठिपका दिला होता. गुलाबी. रॅमवर गुलाबी होता, हार्ड डिस्कवर गुलाबी होता. या डब्यावरही, नेमक्या त्याच कोपऱ्यात, ठिपका होता.

हा लालभडक होता.

स्वप्नाने विचारलं, ‘‘काका, पाणी देऊ?’’

दुसऱ्या दिवशी दिवाकररावांनी तो डबा ऑगस्टीनच्या टेबलावर ठेवला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ऑगस्टीनने डब्याकडे पाहिलं, मग मित्राकडे.

‘‘कोणाकडे उघडलंस?’’ तो म्हणाला. ‘‘मला न सांगता दुसऱ्याकडे नेलंस?’’

‘‘माझा कुठे आहे?’’

ऑगस्टीन स्क्रूड्रायव्हर फिरवत राहिला. ‘‘मार्सेल वकिलाकडे. त्याला दिलेल्या मशीनमध्ये हा लावला होता. बंद पडायला लागलं. रोज फोन. दुकानात येऊन दोन गिऱ्हाइकांसमोर मला चोर म्हणाला. नाताळ आलेला, मुंबईहून माल येत नव्हता. म्हटलं पंधरा दिवस तुझा लावू.’’

‘‘मला विचारायचंस.’’

‘‘दिला असतास?’’

‘‘दिला असता.’’

ऑगस्टीनने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

‘‘मग माल आलाच नाही?’’

‘‘आला. पण तू ओरडलाच नाहीस रे. दर वेळी म्हणायचास, सवडीने बघ. ओरडणाऱ्यांचं आधी करावं लागतं.’’

‘‘तू मला खड्डा खणायला लावलास.’’

‘‘खड्डा तुझी कल्पना.’’

‘‘मीठ जास्त घाल कोण म्हणालं?’’

दिवाकररावांनी डब्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. ‘‘आणि हा?’’

‘‘रोझलिनची बाटली होती.’’

‘‘का दिलास?’’

‘‘तू बघशील म्हणून.’’

‘‘डबा बदललास, ते तुझ्या धंद्याची अडचण म्हणून समजून घेतो,’’ दिवाकर चुरी म्हणाले. आयुष्यातली पहिली तक्रार ते स्वतःसाठी मांडत होते, आणि त्यांना शब्द सापडत नव्हते. ‘‘पण बाटली उघडून, ब्रश हातात धरून... तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर कोण होतं रे?’’

उत्तर न ऐकताच ते निघाले.

घरी यशोदावहिनींनी भाकरी थापता थापता निकाल दिला. ‘‘मार्सेल वकिलांना सांगा. काम परत येईल.’’ ते खरंच होतं. एक वाक्य बोललं की वकिलांचं काम परत आलं असतं आणि ऑगस्टीनचं दुकान आठवड्यात बंद झालं असतं.

दिवाकरराव वकिलांच्या ऑफिसात गेलेही. कारकून दोन बोटांनी टाइप करत होता. यंत्र मुकाट चालत होतं. दिवाकररावांनी सहज केल्यासारखा यंत्रामागे हात नेला. गार वाऱ्याची बारीक झुळूक बोटांना लागली. पंखा छान फिरत होता.

‘‘काय चुरी?’’ वकील म्हणाले.

‘‘काही नाही. बघायला आलो होतो.’’

‘‘तुमचंही ऑगस्टीनकडूनच नीट करून घ्या. माणूस प्रामाणिक आहे.’’

दिवाकरराव ‘‘हो’’ म्हणाले आणि जिना उतरले. का बोलले नाहीत, हे त्यांनी यशोदावहिनींनाही सांगितलं नाही. आम्ही विचारलं तेव्हा म्हणाले, ‘‘शेहेचाळीस पानांचा मजकूर होता. तोंडी कसा मांडणार?’’

स्वप्नाने दिलेल्या सप्लायवर यंत्र व्यवस्थित चालू लागलं. गाळा अर्धा झाला. पुढचा भाग झेरॉक्सवाल्याला दिला आणि मागच्या भागात, खड्ड्याच्या बाजूला, दिवाकरराव भाडेकरार आणि प्रतिज्ञापत्रं करू लागले. चिंचेखालची मंडळी स्वागताला तयार होती, पण ते परत गेले नाहीत. एवढं त्यांनी राखलं.

पंधरा दिवसांनी ऑगस्टीन आला. सायकलला नवाकोरा सप्लाय बांधलेला होता, खोक्यासकट. तो नेहमीच्या स्टुलावर बसला.

‘‘बसवून देतो. दोनच मिनिटं.’’

‘‘ठेव तिथे. स्वप्ना येईल रविवारी.’’

‘‘अरे चार स्क्रू आहेत. मी आहे ना इथे.’’

‘‘स्वप्ना बसवेल.’’

ऑगस्टीनने खोकं टेबलावर ठेवलं. दिवाकररावांनी बाहेर हाक मारून दोन चहा सांगितले. एका पक्षकाराचं प्रतिज्ञापत्र अर्धं झालं होतं, ते पुढे सुरू केलं. ग्लास टेबलावर चालायला लागला. ऑगस्टीन रोझलिनच्या गुडघ्याबद्दल सांगत होता. दिवाकरराव ‘‘अच्छा’’, ‘‘मग?’’ करत होते. दुखणं ऐकून त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

चहा आला. दिवाकररावांनी टाइप करता करता आपलं स्टूल थोडं फिरवून घेतलं, ऑगस्टीनचे हात दिसत राहतील इतकंच.