बाईंनी गाळलेली वाक्यं

आमच्या मानसोपचार दवाखान्यात जिन्याखाली एक खोली होती. एक टेबल, एक संगणक, कानाला लावायचे हेडफोन आणि बाई. बाई म्हणजे आमच्या टायपिस्ट. पेशंट तपासून झाला की आम्ही डॉक्टर छोट्या यंत्रात बोलून ठेवायचो आणि बाई ते ऐकून टाइप करायच्या. सव्वीस वर्षं हेच काम. घरी सासूबाईंना कमी ऐकू यायचं आणि नवरा मुळातच अबोल. "दिवसभर ऐकून आल्यावर असा नवरा म्हणजे सुट्टीच हो," असं त्या म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या.

त्यांची एक सवय होती. पेशंटचं एखादं वाक्य आम्ही जसंच्या तसं सांगितलं, तर त्या ते जसंच्या तसंच लिहीत. व्याकरण सुधारायच्या भानगडीत पडत नसत. "त्यांचं आहे ते. मी कोण हात लावणारी?" म्हणायच्या.

मी तिथे नवीन लागले त्याच वर्षी दवाखान्यात एक प्रोग्रॅम आला. चिंता, उदासी, झोप न लागणं अशा तक्रारी घेऊन आलेल्यांपैकी थोड्या जणांना पुढे सायकोसिस होतो. म्हणजे नसलेले आवाज ऐकू येतात, आजूबाजूचं सगळं आपल्यालाच उद्देशून चाललंय अशी खात्री वाटायला लागते. कुणाला होईल याची आधी चाहूल लागली तर पुष्कळ काही वाचवता येतं. प्रोग्रॅम आमच्या नोंदी वाचायचा आणि प्रत्येकापुढे धोक्याचा आकडा मांडायचा. चुकायचाही. एका शाळामास्तरांचा आकडा त्याने चांगला वर नेऊन ठेवला. आम्ही वर्षभर त्यांना फोन करत राहिलो, त्यांना काही म्हणजे काही झालं नाही, आणि शेवटी ते आमच्यावरच उखडले. बाई म्हणाल्या, "उखडू देत. बरे आहेत ना?"

प्रोग्रॅमबरोबर एक फर्मानही आलं. नोंदी आखूड हव्यात. मोठे डॉक्टर स्वतः जिन्याखाली गेले. "बाई, आता चऱ्हाट नको. झोप, भूक, मूड, विचार. चार चौकटी. बास."

"आणि पेशंट काय म्हणाला ते?"

"चौकटीत बसलं तर लिहा."

बाईंनी मान डोलावली आणि सांगितलं तसं करायला लागल्या.

तीनेक महिन्यांनी एका दुपारी माझ्या दारावर टकटक झाली. बाई दारात उभ्या. कामाच्या वेळात त्यांना खोलीबाहेर मी तोवर पाहिलं नव्हतं.

"डॉक्टर, चुकत असेन तर रागवा. ती बेकरीतली मुलगी."

बावीस वर्षांची मुलगी ती. भाऊ आणि वहिनीजवळ राहायची, बेकरीत पहाटेच्या पाळीला असायची. झोप नाही आणि जीव घाबराघुबरा होतो म्हणून माझ्याकडे आली होती. प्रोग्रॅमने तिचा आकडा अगदी खाली ठेवला होता. मीही निर्धास्त होते.

"तिचं काय?"

बाई उभ्यानंच सांगायला लागल्या. "पहिल्या वेळी तुम्ही सांगितलंत, ती म्हणते, रस्त्यावरचे आवाज माझ्या बाजूला वाकतात. दुसऱ्या वेळी, भट्टीची घंटा माझ्यासाठीच वाजते असं वाटतं, पण तसं नसतं हे कळतं मला. आणि कालच्यात, घंटा वाजायची थांबते आणि माझी वाट बघते. कालच्यात 'कळतं मला' नव्हतं. मी दोनदा ऐकलं. आणि मी हे सगळं गाळलं, डॉक्टर. 'विचार'च्या चौकटीत 'चिंता' एवढंच लिहिलं." त्यांचे डोळे भरून आले होते.

ती वाक्यं मी माझ्याच तोंडाने यंत्रात बोलले होते. दिवसाला वीस पेशंट, तोंड बोलत होतं आणि मन पुढच्या माणसाकडे होतं.

आम्ही दोघी खाली गेलो. तिन्ही वेळचं बोलणं पुन्हा ऐकलं. बाईंनी गाळलेलं सगळं परत नोंदीत घातलं, तसा प्रोग्रॅमने आकडा बराच वर नेला. मी तोवर फोन उचलला होता.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली, बरोबर भाऊ. तो बस चालवायचा, गणवेशातच आला होता. माझं ऐकून घेऊन म्हणाला, "म्हणजे हिला वेड लागणार म्हणता?"

"तसं म्हणत नाही मी. होईलच असं नाही. पण झालंच तर आपण सगळे आधीपासून जवळ असावं, एवढंच."

"आमच्याकडे असलं कुणाला नाही."

मुलगी खाली बघून म्हणाली, "दादा, तू दमून येतोस. म्हणून बोलले नाही."

तो बराच वेळ हातातली टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, "अगं, बसमधून जरा घरघर आली तरी मी त्याच दिवशी डेपोत सांगतो. आणि तू माझ्यापासून एवढं लपवलंस?" आणि त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी उगाच खिडकी उघडायला उठले.

मग दर आठवड्याला भेटी सुरू झाल्या. वहिनीही यायची. काय दिसलं तर घाबरायचं, काय दिसलं तर नाही, हे तिने सगळ्यांत आधी समजून घेतलं. बेकरीच्या मालकिणीने मुलीला पहाटेच्या पाळीतून काढून दिवसा दुकानात बसवलं. झोप सुधारली.

तरीही पाच महिन्यांनी आजार आलाच. एका सकाळी तिला ग्राहकांच्या बोलण्यात स्वतःबद्दलचे निरोप ऐकू यायला लागले. तिने अॅप्रन काढून घडी घातली आणि वहिनीला फोन केला. "वहिनी, आज खरं काय ते मला कळत नाहीये. ये ना."

तासाभरात दोघी माझ्यासमोर होत्या. औषधं त्याच दिवशी सुरू झाली. भरती करावं लागलं नाही. तीन आठवडे ती घरी होती, वहिनीने रजा काढली, आणि जो भाऊ घरात पाण्याचा पेला उचलत नसे तो वरणभात शिकला. बरा करायचा म्हणे, फक्त मीठ विसरायचा. दोन महिन्यांनी ती पुन्हा दुकानात उभी राहिली. औषध चालू आहे. मधूनमधून वाईट दिवस येतात, तेव्हा ती स्वतःच फोन करते.

मी मोठ्या डॉक्टरांशी भांडून पाचवी चौकट घालून घेतली. 'पेशंटच्या शब्दांत'. सांगायला तेच खाली गेले. बाईंनी विचारलं, "किती ओळी?"

"लागतील तेवढ्या," ते म्हणाले, आणि जाता जाता पुटपुटले, "माझंच चुकलं."

पुढे एकदा मुलीने मला विचारलं, "माझं तसं आहे हे आधी कुणाच्या लक्षात आलं? मशीनच्या?" मी बाईंचं सांगितलं. तिला त्यांना भेटायचं होतं. बाई आधी नको नको म्हणाल्या, मग साडीच्या निऱ्या सारख्या करत आपल्या खोलीच्या दारापर्यंत आल्या. मुलीने बेकरीतून बिस्किटांचा पुडा आणला होता. बाई तो तिलाच परत देऊ लागल्या, ती पुन्हा त्यांना, असा दोघींचा जरा गोंधळ झाला.

"बस," बाई तिला म्हणाल्या. "आणि हे बघ, मी टाइप करत नाहीये. तुला हवं ते बोल."

त्यांनी संगणक बंद केला, आणि मी दार लावून घेऊन वर आले. दोघी अर्धा तास काय बोलत होत्या, ते मला आजपर्यंत कुणीच सांगितलेलं नाही.