स्पेनची नाणी मी दिली नाहीत

संस्थान खालसा झालं आणि तंजावरातल्या कितीतरी मराठी घरांतलं सोनं मुशीत गेलं. माझ्या पाटल्या घडवायला सोनार घरी आला होता, तेव्हा त्याच्या पुडीत मला एक नाणं दिसलं. एका बाजूला लांब कुरळ्या केसांचा राजा, दुसऱ्या बाजूला मुकुट आणि ढाल.

"स्पेनचं आहे, बाई. नागपट्टणच्या बंदरातून आलेलं. वितळवायचंय."

"वितळवू नका. पाटली एकच करा. दुसरीचं सोनं घ्या आणि हे मला द्या."

पुढे असं काही हाती आलं की तो आधी माझ्याकडे येई. दर वेळी एकेक दागिना देऊन अशी चार नाणी जमली. माझे हात रिकामे बघून जावा हसत. यजमान कचेरीत कारकून होते. त्यांच्याकडून मी इंग्रजी अक्षरं शिकले आणि नाण्यांच्या कडेवरचं वाचू लागले.

त्यांच्या इंग्रज साहेबालाही जुन्या नाण्यांचा नाद होता. त्याने नाणी विकत मागितली.

"देऊन टाक," यजमान म्हणाले. "माझी बढती अडलीय."

"विकत मागतात ना? मग न विकणंही माझ्या हातात आहे."

शेवटी साहेबच आमच्या तिन्नईवर, दारापुढच्या ओट्यावर, येऊन बसला. दाराआडून बोलायची रीत होती, पण मी बाहेर आले. तो तमिळमधून म्हणाला, "बायकांना यातलं काय कळतं? उद्या मोडून दागिना कराल."

मी चारही नाणी त्याच्यासमोर मांडली. बोट ठेवून अक्षरं वाचली. कुणाची कड कापलेली, कुणाला पूर्वी कडी जोडली होती, ते दाखवलं. "दागिने मोडून ही मिळवलीत," मी म्हटलं.

"नवऱ्याच्या नोकरीचा विचार करा."

"राजवाडा घेताना तुम्ही कुणाला विचारलं नाहीत. मला विचारलंत, तर उत्तर ऐकून जा. नाही देणार."

महिन्याभरात यजमानांची पापनाशमच्या लहानशा कचेरीत बदली झाली. वाटेत बैलगाडीत ते माझ्याकडे पाठ करून बसले. मीही माफी मागितली नाही. पुष्कळ दिवस घरात जेवणापुरतंच बोलणं होतं. मग एका बाजाराच्या दिवशी त्यांनी घरी येऊन माझ्यासमोर पाचवं नाणं ठेवलं. झिजलेलं, भोक पाडलेलं.

"बघ, स्पेनचंच आहे का," म्हणाले.

होतं.