वच्छलाबाईंना दाखवायचा एक पिक्चर

सुंदरराव अडीच वर्षं पंचायत समितीचे सभापती होते, त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. पण माजलगावच्या धरणाखालच्या त्या गावात एकदा सभापती झालेला माणूस जन्मभर सभापतीच राहतो. एस.टी.चा कंडक्टर त्यांना सभापती म्हणतो, न्हावी दाढीला साबण लावता लावता सभापती म्हणतो, ज्यानं त्यांना निवडणुकीत पाडलं तोही सभापतीच म्हणतो. अख्ख्या पंचक्रोशीत त्यांना सभापती न म्हणणारं माणूस एकच, त्यांची बायको वच्छलाबाई. ती म्हणते, "आवं."

सुंदररावांच्या अंगात हुन्नर एकच होता, शिफारस करण्याचा. कुणाच्या पोराला नोकरी पाहिजे, कुणाला बदली, कुणाला वसतिगृहात जागा. जो येईल त्याला चहा आणि पत्र. 'न्हाई' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. एकाच जागेसाठी त्यांनी एकदा अकरा जणांना पत्रं दिली होती आणि अकराही जण खुशीत घरी गेले होते. खरी गंमत अशी की, पत्राखाली तारीख असली तर साहेबानं काम करायचं, नसली तर माणसाला चहा पाजून परत लावायचं, हे तालुक्यातल्या प्रत्येक साहेबाला पक्कं ठाऊक होतं. आयुष्यात तारखा त्यांनी फार जपून खर्च केल्या.

अशा माणसावर एका पिक्चरची शिफारस करायची वेळ आली आणि त्याचा पार घाम निघाला, त्याची ही हकिगत.

झालं असं, की वच्छलाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, दीड महिना घरात. मुलगा अमरसिंह यानं आईची करमणूक व्हावी म्हणून पलंगासमोरच्या भिंतीवर दरवाजाएवढा टीव्ही लावला आणि पिक्चरच्या एका साइटचे पैसे भरून दिले. "आई, यात दहा हजार पिक्चर हायेत," असं म्हणून तो आपल्या ऊसतोडीच्या मागं लागला.

सोमवारी लातूरहून लेकीचा, सुनिताचा फोन आला. आई, इकडं ये, मी बघते तुझं. वच्छलाबाईंनी फोन ठेवला आणि जाहीर केलं, "रविवारी मी लातूरला चालले. म्हैनाभर."

सुंदररावांनी चहाची बशी खाली ठेवली. "कावून? इथं काय कमी हाय?"

"इथं पडल्या पडल्या मला दिवसभर काय ऐकू येतं? सभापती, चहा. सभापती, पत्र. सभापती, चहा. जीव आंबला माजा."

"आता टीव्ही हाय की!"

"त्यात काय बघावं ते कळाया नको?"

"मी सांगतो की! अख्ख्या तालुक्याला शिफारशी दिल्या मी."

वच्छलाबाईंनी उशीला टेकून त्यांच्याकडं असं पाहिलं, जसं बाजारात कलिंगड बघतात. "बरं. रविवारी लातूर यायच्या आधी मला एक पिक्चर दावा, जो मी जागी राहून शेवटपर्यंत बघीन अन् म्हणीन की बरा व्हता. दावलात, तर ऱ्हाते."

सुंदरराव हसले, पण आतून हलले. महिनाभर वच्छलाबाई नसणं म्हणजे काय, हे त्यांना चांगलं कळत होतं. सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत नुसतं सभापती! मधे कुणी 'आवं, गंजीफ्रॉक उलटा घातलाय' म्हणायलासुद्धा नाही. हे बायकोला सांगण्याचं धाडस एकेचाळीस वर्षांत झालं नव्हतं, ते एका सोमवारी कुठून होणार?

त्यांनी शहादेवला बोलावलं. शहादेव त्यांचा जुना कार्यकर्ता. सुंदररावांच्या पडत्या काळातही त्यानं त्यांना सोडलं नाही, कारण चहा पडत्या काळातही तसाच होता.

दोघं टीव्हीसमोर बसले. साइटवर चित्रांच्या रांगाच रांगा. प्रत्येक चित्राखाली दोन अंगठे, एक वर, एक खाली. सुंदररावांनी रिमोट घेतला आणि पहिल्या चित्राला अंगठा वर केला. दुसऱ्याला वर. तिसऱ्याला वर.

"सभापती, बघितलाय का ह्यो?"

"न्हाई."

"मग न बघताच पाठिंबा?"

"आपण पाठिंबा कधी बघून दिलता बे? एवढी माणसं राबलीत, कुणाला कशाला दुखवायचं? उद्या हीच कामाला येतील."

जेवणाच्या वेळेपर्यंत सुंदररावांनी एकशे चाळीस पिक्चरना पाठिंबा जाहीर केला.

साइट बिचारी भांबावली असणार. आजवर तिला असं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं, ज्याला रक्तबंबाळ खून, बोलणारे ससे, केक भाजायची शर्यत आणि बर्फावरून घसरणारी माणसं सारख्याच प्रेमानं आवडतात. मंगळवारी तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सुंदरराव, खास तुमच्यासाठी', आणि पुढं कोरियातला एक पिक्चर मांडला. सत्त्याण्णव टक्के जुळतो म्हणे.

वच्छलाबाईंनी अर्धा तास पाहिला. "ह्यांची सगळी माणसं जेवतानाच का भांडत्यात? अन्न तरी गिळू द्या म्हणावं." आणि निजल्या.

बुधवारी समुद्रातला देवमासा. पंचाण्णव टक्के. वच्छलाबाईंनी विचारलं, "हे सगळं पाणी खारं हाय?"

"हां."

"मग काय उपेग?" कूस बदलली.

गुरुवारी भुताचा पिक्चर. शहादेव पलंगाच्या पायथ्याशी मुटकुळं करून बसला होता आणि भूत आलं की डोळ्यांवर टोपी ओढत होता. वच्छलाबाई मात्र भुतावर नाराज. "दारं उघडतंय नुस्तं, एक बी लावत न्हाई. ह्याला आई न्हाई का?" आणि त्या इतक्या गाढ झोपल्या, की भुतानंही नंतर फारसा आवाज केला नाही.

शुक्रवारी सुंदररावांनी पुण्याला शिकणाऱ्या नातीला, आरोहीला फोन लावला. ती खो खो हसली.

"आबा, तुम्ही सगळ्यांनाच अंगठा वर केलाय! तिला कळणार कसं तुम्हाला काय आवडतं?"

"पर ती म्हणती सत्त्याण्णव टक्के जुळतं."

"जरा नीट बघा, नव्वदच्या खाली कुणी आहे का?"

सुंदररावांनी चष्मा लावून रांगाच्या रांगा पालथ्या घातल्या. नव्वदच्या खाली खरंच कुणी नव्हतं. सगळेच पहिल्या वर्गात पास.

"आणि सगळ्यात वर मोठं चित्र दिसतंय ना, तो पिक्चर त्यांनी स्वतःच काढलेला असतो," आरोही म्हणाली. "तो सगळ्यांच्याच घरी पहिला दिसतो."

सुंदररावांनी फोन खाली ठेवला आणि पुन्हा टीव्हीकडं पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जुनी ओळख पटल्याचं हसू उमटलं. "शहादेव, आरं हे तर आपलंच बेणं हाय! येईल त्याला म्हणतंय, खास तुमच्यासाठी. अन् पुढं ढकलतंय सोताच्या मेव्हण्याला. ही समदी बिनतारखेची पत्रं हायेत बे!"

"मग तारखेचं पत्र कसं काढायचं?" शहादेवनं विचारलं.

त्याचा मार्गही आरोहीनं सांगून ठेवला होता. आजीच्या नावानं वेगळं खातं उघडायचं. सुंदररावांनी ते उघडलं. साइटनं नम्रपणे विचारलं, 'वच्छलाबाईंना आवडणारे तीन पिक्चर निवडा.'

आणि इथं सभापती अडकले. कोणत्या गावाला किती मतं, कोण कुणाचा साडू, कुणाला बुंदी चालते आणि कुणाला जिलबी, हे त्यांना तोंडपाठ. पण बायकोला आवडणारे तीन पिक्चर? त्यांनी शहादेवकडं पाहिलं. शहादेवनं छताकडं पाहिलं आणि खुरपणीचं निमित्त काढून तो दोन दिवसांसाठी पसार झाला.

शेवटी ते पलंगाशी गेले. "आगं, तुला कसला पिक्चर आवडतो?"

वच्छलाबाई लसूण सोलत होत्या. हात थांबला. "एकेचाळीस वर्षांत इचारलं न्हाई. आता टीव्ही इचारतोय म्हणून आलात."

"सांग तरी."

"बघितलाच कुटं? लग्नानंतर लिंबागणेशला दर्शनाला गेलतो, तवा तंबूत एक बघितला. तोबी अर्धा. दोन जावा असत्यात, पिठाची गिरणी चालवत्यात. घरात आंधळी सासू. थोरलीचा नवरा अकरा वर्षं गायब. मग एक माणूस दळण घेऊन येतो, अन् धाकटी पोत्याच्या शिवणीवरनं वळखती, ह्यो त्योच. ती त्याला गिरणीत कोंडती, कुलूप लावती, अन् भाईर येती तर गिरणी आपोआप चालू! तितंच इंटरवल झालं. अन् तुमाला कुणीतरी भाईरून हाक मारली, कुणाची मारामारी मिटवायची व्हती. मलाबी उठावं लागलं." त्यांनी एक पाकळी ताटलीत टाकली. "गिरणी कुणी चालू केली, ते अजून कळलं न्हाई मला."

सुंदररावांनी शनिवारचा अख्खा दिवस साइट पिंजून काढला. नाव नवरा-बायको दोघांनाही आठवेना. 'गिरणी' लिहिलं तर तिनं कापड गिरणीच्या संपाचा माहितीपट दिला. 'जावा' लिहिलं तर कॉम्प्युटर शिकवायला लागली. शेवटी तिनं सांगितलं, 'हे आमच्याकडे नाही. पण तुम्हाला हे नक्की आवडेल', आणि पुन्हा तोच देवमासा.

तेव्हा सुंदररावांनी जन्मात पहिल्यांदा अंगठा खाली केला. देवमाशाचं त्यात काय चुकलं होतं देव जाणे.

रविवारी सकाळी अमरसिंहनं गाडी दारात लावली. वच्छलाबाई पाय लांब करून मागं बसल्या, शेजारी पोचवायला निघालेले सुंदरराव. शहादेव निरोपाला आला होता. सुंदररावांचं तोंड बघून त्यानं विचारपूस केली, आणि गिरणीचं ऐकताच म्हणाला, "ह्यो व्हय? ह्यो मी बघितलाय की! लिंबागणेशला तुमाला हाक मारायला मीच आलतो. तुमी गेल्यावर तुमच्याच सतरंजीवर बसलो, म्हणलं जागा कशाला वाया घालवा."

सुंदररावांनी मागूनच हात लांबवून पुढचं दार उघडलं.

"बस गाडीत," सुंदरराव म्हणाले.

"आवो, पर माजं खुरपायचं..."

"बस म्हणतो ना बे!" मग बायकोकडं वळून सभापती कायद्याचं बोलले, "लातूर यायच्या आधी म्हणली व्हतीस. लातूर अजून आलेलं न्हाई. अन् दावा म्हणली व्हतीस, पर गुडघ्याच्या माणसाला सांगितला तरी चालतो."

"सांगू द्या," वच्छलाबाई म्हणाल्या. "झोप लागली तर उठवू नका."

तेलगाव मागं पडलं आणि शहादेव सुरू झाला. पुढच्या सीटवर उलटा बसून, हात नाचवून. आयुष्यभर तो दुसऱ्याच्या भाषणाला टाळ्या वाजवत आला होता. आज पहिल्यांदाच लोक त्याचं ऐकत होते. सिरसाळ्यापर्यंत त्यानं कोंडलेला माणूस नुसता घामानं भिजवला. परळीपर्यंत थोरली जाऊ दारावर डोकं आपटत राहिली. सुंदरराव दर दगडाला लातूर किती राहिलं ते बघत आणि शहादेवच्या खांद्यावर टोचत, "आटप बे." पण वच्छलाबाई म्हणत, "घाई कशाला करता? मग धाकटी काय म्हणली?" अंबाजोगाईचा घाट चढताना अमरसिंहनंही गाडी हळू केली, कारण फौजदार आला होता.

रेणापूर दिसायला लागलं तेव्हा शहादेवनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "...अन् फौजदारानं कुलूप तोडलं. आत बघत्यात तर पट्ट्याशेजारी कोण उभं? सासू! आंधळी सासू! तिला समदं दिसत व्हतं वैनी, अकरा वर्षं! सुनांचं खरं रूप बघायला आंधळी झालती. किल्ली तिच्याच कमरेला!"

"आगं बया!" वच्छलाबाई ताठ बसल्या. "मला वाटलंच व्हतं! सासूला दिसत व्हतं!" त्या इतक्या मोठ्यानं हसल्या, की नवा गुडघा दुखला आणि तरी हसतच राहिल्या.

फाट्यावर चहाला गाडी थांबली. वच्छलाबाई आतच बसल्या. सुंदररावांनी शहादेवला बाजूला घेतलं. "लई भारी सांगितलास. पर तंबूत खरंच असंच व्हतं का?"

शहादेवनं चहाचा घोट घेतला. "सभापती, खरं सांगू? तुमच्या सतरंजीवर टेकलो अन् मला डोळा लागला. उठलो तवा तंबूवाले बांबू काढत व्हते."

सुंदरराव कप घेऊन गाडीशी आले तेव्हा त्यांचा चेहरा कोऱ्या पावतीसारखा होता.

"काय म्हणत व्हता?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"काई न्हाई. चहा गोड हाय म्हणला."

"झोपला व्हता ना तंबूत?" वच्छलाबाई चहा फुंकत म्हणाल्या. "ह्याची बायकू मंगल सांगती, लग्नापासून ह्यानं इंटरवलच्या पुढं एक पिक्चर बघितलेला न्हाई."

सुंदररावांनी रस्त्याकडं पाहिलं. लातूर पंचवीस किलोमीटरवर उभं होतं.

"पर मला काय पायजे ते बराबर कळलं त्याला. सासूला दिसायलाच पायजे व्हतं." त्यांनी रिकामा कप त्यांच्या हातात दिला. "बरा व्हता पिक्चर. अमरसिंह, सुनिताकडं जेवू, पोरगी पुरणाचा घाट घालून बसली आसल. सांजच्याला गाडी घराकडं वळव."

सुंदररावांनी इतका मोठा श्वास सोडला, की हॉटेलाच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला. शहादेव लगेच पुढं सरकला. "वैनी, वळताना दुसरा सांगतो. एक भुताचा हाय..."

"तुजं झालं," वच्छलाबाई म्हणाल्या. "वळताना हे सांगतील."

"मी?" सुंदरराव दचकले. "मी काय सांगू?"

"मारामारी मिटवायला गेलतात ना त्या दिवशी, मला एकलीला भाईर बसवून? ती कुणाची व्हती, कावून व्हती, कशी मिटली, समदं सांगा. मला तेबी कळलेलं न्हाई."

सुंदररावांनी गाडीच्या दाराला धरून घसा साफ केला, दोन्ही हात मागं बांधले आणि सुरुवात केली, "उपस्थित बंधू-भगिनींनो..."

"आवं," वच्छलाबाई म्हणाल्या, "आधी गाडीत बसा."