उत्तमचे कागद

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. माय होती तोवर तिला तर नाहीच नाही — तिला कळलं असतं तर ती आठ-आठ दिवस जेवली नसती. तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण नीट सांगता येईल की नाही कोण जाणे. सुरुवात कुठून करायची तेच मला कळत नाही. समुद्रापासून करू? पण समुद्र मी तेव्हा पाहिलाही नव्हता. माझं गाव बदनापूर आणि अंबडच्या मधलं. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होतं. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचं, आणि तेही असलं तर. असल्या गावातला एक पोरगा नौदलात गेला, हेच मुळात नवल होतं.

तो उत्तम. माझ्या वर्गातला, माझ्याच बाकावरचा. त्याचं घर बौद्धवाड्यात, माझं पाटलाच्या आळीत. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे गावाने कुणाचं खरं मानलं, त्यात याचाही हिशेब होता. दोघं मॅट्रिक झालो. मी गावातल्याच शाळेत मास्तर झालो आणि तो एका लहानशा लढाऊ बोटीवर बिनतारी संदेश उतरवून घेणारा खलाशी झाला. सुट्टीवर यायचा तेव्हा पांढऱ्या फटफटीत कपड्यात यायचा, आणि माझ्याच शाळेतली पोरं माझा तास सोडून त्याच्यामागे पळायची. मला त्याचा हेवा वाटायचा का? वाटत असावा. पुढच्या गोष्टीशी त्या हेव्याचा काही संबंध आहे का? इथेच माझं घोडं अडतं.

मग एकाहत्तरचं युद्ध झालं. त्यात एका संध्याकाळी उत्तमची बोट आणि तिच्यासोबतची दुसरी एक बोट, अशा दोघी समुद्रात होत्या. दुसरी पुढे, उत्तमची मागे. शत्रूचं मोठं जहाज आलं, तोफा झाल्या, पुढची बोट बुडाली. तिच्यावरचं कुणी परत आलं नाही. चकमक लहानच — पेपरात धड चार ओळी आल्या नाहीत. पण तिच्यावरून वाद मोठा झाला. तिकडचे म्हणाले, ती बोट आमच्या हद्दीत शिरली म्हणून आम्ही बुडवली. इकडचे म्हणाले, आमची बोट आमच्याच पाण्यात होती, तेच चाल करून आले. खरं कोण? तिकडच्यांनी आपले कागद काढून दाखवले म्हणे, नीट जपलेले. आपल्या बाजूचे कागद मात्र नव्हते. पुढच्या बोटीचे बोटीबरोबर गेले, आणि उत्तमच्या बोटीची पक्की नोंदवही त्या धुमाळीत कुठे गेली ते कुणालाच सांगता येईना.

पण उत्तमच्या अंगावर आलं ते वेगळंच. किनाऱ्यावरून त्या संध्याकाळी एक निरोप आला होता — दोन्ही बोटींनी माघारी फिरावं. तो निरोप उत्तमने उतरवून घ्यायचा, त्याच्या बोटीवरच्या साहेबाच्या हातात द्यायचा, आणि साहेबाने तो दिव्याच्या खुणांनी पुढच्या बोटीला कळवायचा, अशी रीत. पुढची बोट फिरली नाही. म्हणजे निरोप कुठेतरी अडला. कुठे? साहेब म्हणाला, माझ्यापर्यंत आलाच नाही. उत्तम म्हणाला, मी हातात दिला. पक्की वही नव्हती. पण कच्चे कागद होते. निरोप ऐकता ऐकता पेन्सिलीने उतरवायचे असतात ना, ते. ‘जाळून टाक’ असं त्याला सांगितलं होतं, पण त्याने ते सदऱ्याच्या आत ठेवले आणि सुट्टीवर आला तेव्हा सोबत आणले.

आणि माझ्याकडे दिले.

हो. माझ्याच हातात दिले. मेणकापडाची पुडी होती. त्या लढाईत तोफेच्या दणक्याने त्याचा डावा कान गेला होता, त्यात सारखी शिट्टी वाजते म्हणायचा. बोलताना मान वाकडी करून उजवा कान पुढे करायचा. म्हणाला, “मास्तर, ठिवून दे. तुह्या घरी कागदावर कागद पडलेले असतात, कोण बघून राह्यलंय?” अगदी बराबर बोलला होता. माझ्या घरात जुन्या उत्तरपत्रिकांची पोती होती. मी पुडी सोडली, कागद काढले, आणि एका गठ्ठ्यात मधोमध घातले. शहाणपणा केला! पुडी दिसली असती, नुसते कागद कुणाला दिसणार?

नंतर बहात्तरचा दुष्काळ पडला. त्याचं वर्णन करत नाही, ज्यांनी रेशनवरच्या अमेरिकन मिलो ज्वारीची भाकर खाल्ली त्यांना ते ठाऊक आहे. माय खडी फोडायला जायची, आणि घरी असली की टोपली करायची. कागदाची. आमच्याकडच्या बायका करायच्या तशी — कागद रांजणात भिजत घालायचे, मेथ्या घालून उखळात कुटायचे, लगदा झाला की पालथ्या पातेल्यावर थापायचा, वाळला की वरून चुना फासायचा, की टोपलं तयार. मायने कागद मागितले. मी बाजेवर पडून होतो. बोट दाखवलं आणि म्हणालो, “तो गठ्ठा घे.” उठून बघितलंसुद्धा नाही.

इथवर चूक म्हणा. विसरभोळेपणा म्हणा, आळस म्हणा. एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो. माणसाच्या हातून होतं असं.

उत्तमला चौकशीला बोलावणं आलं. तो गावी आला, थेट माझ्या घरी. आनंदात होता — हे मला विसरता येत नाही. म्हणाला, आता कागद समोर ठेवतो आणि मोकळा होतो. ओसरीवर बसला. मायने भाकरी आणल्या, टोपल्यात घालून. त्याच टोपल्यात. मला तोवर काही माहीत नव्हतं, देवाशपथ. मी आत जाऊन पोती उपसली, आणि मग आठवलं. बाहेर आलो तर उत्तम टोपलं पुढ्यात ओढून भाकर मोडत होता. बुडाशी चुना नीट बसला नव्हता, आणि कागदाचा एक कपटा धड कुटला गेला नव्हता. तिथे पेन्सिलीची दोन-तीन इंग्रजी अक्षरं दिसत होती. मला दिसत होती. त्याने खाली पाहिलं नाही. तो माझ्याकडे बघत होता.

मी म्हणालो, “कागद? माझ्याकडं कुठं दिल्तेस तू? दाखवले, आन् परत घेऊन गेलास की.”

का म्हणालो? आज इतकी वर्षं मी स्वतःला हेच विचारतोय. भ्यालो, हे एक उत्तर. लष्कराचे कागद घरात सापडले — तेही कुटून थापलेले — तर नोकरी जाईल, मायला पोलीस नेतील, असं वाटलं. पण ती भीती तर त्याच्यापुढे बोलून दाखवता आली असती ना? तो काही पोलीस नव्हता. हसला असता, शिव्या दिल्या असत्या, डोक्याला हात लावून बसला असता. मग लाज वाटली म्हणू का? की तो पांढरा सदरा आणि मागे पळणारी पोरं? खरं सांगू — एक उत्तर पकडलं की दुसरं सुटतं. तोंडातून वाक्य गेलं आणि मग ते माझं झालं, एवढंच मला नक्की सांगता येतं.

तो हसला आधी. थट्टा वाटली त्याला. मग हसू गेलं. “मंग मी कुठं ठिवले?” असं म्हणाला, माझ्याकडे बघून नव्हे, भाकरीकडे बघून.

आणि पुढे काय केलं असेल मी? त्याच्याबरोबर शोधायला गेलो! त्याच्या घरातली उतरंड काढली, माळा धुंडाळला, कडब्याची गंजी उसकटली. बदनापूरला जाऊन स्टेशनमास्तरला विचारलं, एसटीच्या कंडक्टरला विचारलं. मीच पुढे होऊन विचारायचो. माय बिचारी म्हणायची, “काखेत कळसा न् गावाला वळसा, घरातच आसंल बघ बाबा.” तिला काही ठाऊक नव्हतं. मी मान डोलवायचो.

गावात कुजबुज सुरू झाली. मास्तर कशाला खोटं बोलेल? त्याला काय पडलंय? पोराच्या डोक्यावर परिणाम झाला, तोफेचा आवाज भारी असतो. पाटलाच्या आळीतला मास्तर आणि बौद्धवाड्यातला खलाशी — गावाला फार विचार करावाच लागला नाही. त्याच्या बापाने तेवढं एकदा माझ्या दारात येऊन, चप्पल काढून, हात जोडून विचारलं होतं, “मास्तर, आसले तर द्या, लेकराचं वाटुळं होऊन राह्यलं.” त्यांनी मला लहानपणी खांद्यावर घेऊन नदी ओलांडून दिली होती. मी त्यांना बसा म्हणालो. नाहीत म्हणालो.

चौकशीला जाताना उत्तमने माझ्याकडूनच अर्ज लिहून घेतला. माझं अक्षर चांगलं म्हणून. तो सांगत होता, मी लिहीत होतो. कागद मित्राकडे ठेवायला दिले असं मला वाटत होतं, पण तो माझा भास असावा — असं. ‘भास’ हा शब्द मीच सुचवला. त्याला तो पटकन आठवत नव्हता.

नोकरी गेली. जालन्यात कापसाच्या एका जिनिंगवर रखवालदार म्हणून लागला. लग्न झालं नाही. पोरं त्याला येडा खलाशी म्हणायची, त्यातली काही माझ्या शाळेतली. मी त्यांना रागवायचो, आणि रागवताना मला स्वतःबद्दल बरं वाटायचं. असंच होतं ते.

ते टोपलं मी एकदा चुलीत घातलं. मायला सांगितलं, उंदरांनी कुरतडलं होतं.

पुढे कधीतरी — दशक सरत आलं होतं — बदनापूरच्या स्टेशनावर दुपारचा भेटला. मी ट्रेनिंगसाठी औरंगाबादला निघालो होतो. बाकावर सरकून त्याने मला जागा दिली, सवयीने उजव्या बाजूला. इकडचं तिकडचं झालं. मग आपण होऊनच म्हणाला, “मास्तर, लय दिवस इचार केला. ते कागद तुला दिल्ते, हे मला आत्ता बी डोळ्यापुढं दिसतं. पुडी दिसती. तुहा हात दिसतो. आन् ते तर झालंच न्हाई. मंग सायबाच्या हातात निरोप दिला, ते बी तसंच आसंल. दिलाच नसंल मी. माझ्याच हातून राह्यला. ती समदी पोरं माझ्यापायी गेली.”

मी खिशातून तिकीट काढून बघितलं, परत ठेवलं.

“तू व्हता म्हून कळलं,” तो म्हणाला. “न्हाई तर मी त्या सायबावर आळ घेऊन बसलो आस्तो जन्मभर. चांगला माणूस व्हता तो.” आणि त्याने माझा हात हातात घेतला. आभार मानावेत तसा.

आता राहिलेलं सांगतो. याच्यासाठीच इतका वेळ फिरत होतो मी. पुडी सोडून कागद काढले ना, तेव्हा ते मी वाचले होते. मास्तर माणूस, हातात लिहिलेलं आलं की वाचल्याशिवाय ठेववत नाही. तिसऱ्या कागदावर तो निरोप होता. माघारी फिरा. त्याखाली वेळ होती, आणि वेळेशेजारी निरोप मिळाल्याची त्या साहेबाची आद्याक्षरं, पेन्सिलीने, घाईत केलेली पण स्पष्ट. उत्तमने निरोप दिला होता. जगात ही गोष्ट पक्की ठाऊक असलेली दोनच माणसं उरली होती. एक तो साहेब, आणि दुसरा मी, त्याच्या शेजारी बाकावर, त्याच्या हातात हात देऊन बसलेला. एक वाक्य होतं. ‘तू दिला होतास, मी वाचलंय.’ ते म्हणायला काय लागत होतं? गाडी यायला वेळ होता.

मी म्हणालो, “जाऊ दे उत्तम. झालं ते झालं.”

पुढच्या उन्हाळ्यात तो जिनिंगच्याच आवारात गेला. सकाळी उठला नाही, एवढंच कळलं. मी मातीला गेलो होतो. त्याच्या बापाने मला सगळ्यांच्या पुढे बोलावलं आणि म्हणाले, मास्तर, तुम्हीच दोन शब्द बोला, तुम्ही त्याचे जिवाचे. मी बोललो. चांगलं बोललो, लोक रडले. त्यातही मी ते एक वाक्य बोललो नाही.