मेट्रनबाई आणि सुभेदारांचं रिव्हॉल्व्हर

मेट्रनबाई कुणाचीही जीभ बघायला मागत. बँकेचा मॅनेजर असो, गॅसची टाकी आणणारा असो, नाहीतर शेजारी मुलगी बघायला आलेला वरपिता असो, बोलणं जरा लांबलं की बाई कपाळावरचा चष्मा नाकावर आणत आणि म्हणत, "जरा जीभ काढा." समोरचा इतका गोंधळे की काढून मोकळा होई. बाई बघत, मान हलवत आणि बहुतेकांना एकच निदान सांगत, "पोट साफ नाही. म्हणून एवढं बोलता."

झाशीच्या रेल्वे इस्पितळात त्यांनी उभा जन्म काढला. वडील भुसावळहून बदलीवर आलेले; ते गेले, भाऊ महाराष्ट्रात परतले, बाई मात्र इथेच राहिल्या. मी जन्मलो तेव्हा मला पाय धरून उलटं टांगणारा हात त्यांचाच होता, आणि हे त्यांनी मला कधी विसरू दिलं नाही. माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांना त्यांनी सांगितलं, "हा जन्मला तेव्हा सोललेल्या रताळ्यासारखा दिसत होता. आता पुष्कळ सुधारलाय." मी पंचेचाळिशीला टेकलो तरी त्यांच्या लेखी बाळ्याच होतो. लग्न का केलं नाहीत, असं एकदा माझ्या बायकोने धीर करून विचारलं. "नाइट ड्युटी होती," बाई म्हणाल्या आणि चहात बिस्किट बुडवलं.

आमच्या बुंदेलखंडात पुरुषाच्या मनगटावर घड्याळ नसलं तरी चालतं, पण वरातीत कमरेला काहीतरी लटकलेलं लागतं. चिरगाँवच्या एका लग्नात नवऱ्यामुलाच्या काकांनी आनंदाच्या भरात बंदूक उडवली. छर्रे मांडवाच्या खांबाला आपटून फिरले आणि त्यातला एक, जिलबी तळणाऱ्या हलवायाच्या बसायच्या जागेत शिरला. बाईंनी जिलबीच्याच भट्टीवर पाणी उकळायला लावलं, चिमटा मागवला आणि पाहुण्यांकडे पाठ करून हलवायाला मोकळं केलं. परत येताना त्या माझ्या स्कूटरवर मागे बसल्या. मग म्हणाल्या, "बाळ्या, ही वस्तू ज्यांच्या हातात देतात, त्यांची जीभ आधी कुणी बघतं का रे?"

हाच प्रश्न विचारायला त्या पुढच्या आठवड्यात कलेक्टर कचेरीत गेल्या. तिथला बाबू म्हणाला, "मैडमजी, ये लेडीज़ का काम नहीं है. आप सिलाई मशीन वाला फॉर्म भर दीजिए." बाईंनी तिथल्या तिथे, उभ्याउभ्या, रिव्हॉल्व्हरच्या लायसन्सचा फॉर्म भरला. बाबूचंच पेन घेऊन.

अर्ज सहा वर्षं फिरला. चौकशीला तीन वेळा पोलीस आले आणि तिघेही जीभ दाखवून गेले. एवढ्या काळात बाईंचा राग निवला, गुडघे दुखायला लागले, तो बाबूही रिटायर झाला. आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, लायसन्स मंजूर झालं. मात्र त्यात मुदत होती. तेवढ्या दिवसांत हत्यार घेतलं नाही तर लायसन्स रद्द.

"रद्द होऊ द्या," मी म्हणालो. "तुम्हाला काय करायचंय?"

"सहा वर्षं रांगेत उभी राहिले. आता खिडकी उघडल्यावर घरी जाऊ?"

सीपरी बाजारात बंदुकांचं एक दुकान आहे. तिथे नव्या रिव्हॉल्व्हरची किंमत ऐकून बाईंनी दुकानदाराला जीभ काढायला लावली. दुकानाच्या मागच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्रीजी कानशीने काहीतरी घासत बसले होते. ते म्हणाले, बबीन्याच्या छावणीजवळ एक रिटायर सुभेदार आपलं जुनं रिव्हॉल्व्हर विकायला काढतायत. अगदी स्वस्तात देतील, बघून या.

झालं. पुढचे तीन रविवार आमची स्कूटर बबीन्याच्या रस्त्याला लागली.

सुभेदार निघाले साताऱ्याकडचे. छावणीत बदली होऊन आले, बायको तिथल्याच शाळेत शिकवायची, म्हणून निवृत्तीनंतर घर बांधून राहिले. बायको चार महिन्यांपूर्वी गेली होती. मुलगी लग्न होऊन पुण्याला. मराठी बोलणारं माणूस दारात बघून त्यांना इतका आनंद झाला की रिव्हॉल्व्हर दाखवायच्या आधी त्यांनी आम्हाला दोनदा चहा पाजला. मग ट्रंक उघडली, पिवळ्या फडक्यातून वस्तू काढली, आत गोळ्या नाहीत हे उघडून दाखवलं आणि टेबलावर ठेवली. "मॅडम, जुनी हाय, पर इमानदार हाय," ते म्हणाले.

बाईंनी पर्समधून दाताच्या डॉक्टरचा छोटा आरसा आणि टॉर्च काढला. रिव्हॉल्व्हरची तपासणी त्यांनी बाळंतिणीसारखी केली. नळीत आरसा धरून म्हणाल्या, "देवी येऊन गेल्यासारखे खड्डे आहेत." गंजाचे व्रण होते ते. सहा गोळ्यांचं चक्र बोटाने हलवलं; घोडा ओढल्यावर ते घट्ट बसायला हवं, तर ते सैल दातासारखं डुलत होतं. मूठ तडकली होती आणि तिच्यावर चिकटपट्टी होती. "प्लास्टर कुणी घातलं?" बाईंनी विचारलं. सुभेदार ओशाळून म्हणाले, "मीच."

घरी आल्यावर बाईंनी हिशेब मांडायला घेतला. इस्पितळातून निवृत्त होताना त्यांनी तापाच्या तक्त्यांचे कोरे कागद रद्दीतून आणले होते, त्यातल्या एकाच्या पाठीवर दोन रकाने केले. तो कागद माझ्याकडे अजून आहे. फायद्यांत लिहिलंय: किंमत कमी. नंबर स्पष्ट, कागदपत्रं चोख. काडतुसं अजून मिळतात. जुनं असल्याने जे रोग व्हायचे ते होऊन गेले असतील. तोट्यांत: चक्र सैल. नळीला व्रण. चाप इतका कडक की ओढेपर्यंत चोर कंटाळून जाईल. सुटे भाग मिळत नाहीत. आणि याच्यापुढे कंसात, माझेही मिळत नाहीत. दर निवडणुकीला ठाण्यात जमा करा, मग आणायला जा. घरात ठेवलं तर झोप लागेल की उडेल? शेवटच्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलेलं आहे.

दुसऱ्या रविवारी मिस्त्रीजींना ऑटोने बरोबर नेलं. त्यांनी घोडा दोनदा ओढला, चक्र कानाशी धरून फिरवलं आणि अंगणात येऊन बाईंना हळूच म्हणाले, "दीदी, मत लीजिए. ये दुश्मन से पहले आपको मारेगा." गोळी नळीच्या तोंडाशी सरळ येत नव्हती, कधी कडेला घासली तर चालवणाऱ्याच्याच हातावर बेतलं असतं.

मला हायसं वाटलं. विषय मिटला म्हणून मी पुढच्या रविवारची सिनेमाची तिकिटं काढली. सकाळी नऊला बाई पर्स घेऊन दारात हजर.

"बबीन्याला जायचंय."

"अहो, मिस्त्रीजी नको म्हणालेत ना?"

"रिव्हॉल्व्हर बघून झालं. माणूस बघायचा राहिलाय." मग हेल्मेट चढवत म्हणाल्या, "त्यांच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं आहेत. चार महिन्यांत एवढा माणूस आत जातो? आणि दोन्ही वेळा चहात मीठ होतं. तुला कळलं नाही?"

मला कळलं होतं. मी ते मिलिटरीची पद्धत समजून प्यायलो होतो.

त्या दिवशी बाईंनी चहा स्वतः केला. मला अंगणात स्कूटरचा प्लग साफ करायला पाठवलं, पण खिडकी उघडी होती. आधी सुभेदारांना जीभ काढायला लावली. पोटाचं काही बोलल्या नाहीत. मग सरळ विचारलं, "सुभेदारसाहेब, ते का विकताय?"

"म्हातारपणी कशाला हवंय, मॅडम."

"हे गिऱ्हाइकाला सांगायचं. मी नर्स आहे."

आत कपबशी टेबलावर टेकली. मग सुभेदारांचा आवाज आला, पहिल्यापेक्षा लहान. "रात्र निघतीया कशीबशी. दुपार निघत न्हाई. ती शाळंतनं दोनला यायची. आता दोन वाजत्यात आन् मला निस्ती ती ट्रंक दिसती. लई वेळ दिसती. म्हणून म्हटलं, घरातनं जाऊ दे."

माझ्या हातातला प्लग तसाच राहिला. बाईंच्या आवाजात मात्र काडीचा फरक पडला नाही. "बरं केलंत सांगितलंत. मुलीला ठाऊक आहे?" नाही. "आज सांगायचं. काडतुसं कुठे आहेत?" कपाटात. "किती?" अकरा. "लायसन्सचं पुस्तक घ्या आणि चपला घाला. आपण सगळे दुकानात चाललोय."

बाई आणि सुभेदार ऑटोत, मागे स्कूटरवर मी. दुकानात सुभेदारांनी स्वतः सही करून रिव्हॉल्व्हर आणि अकरा काडतुसं सुरक्षित ठेवायला जमा केली. तिथूनच बाईंनी पुण्याला मुलीला फोन लावून दिला आणि सुभेदारांच्या हातात ठेवून स्वतः लांब जाऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना मेडिकल कॉलेजातल्या मनाच्या डॉक्टरकडे नेलं. सुभेदार म्हणाले, मी वेडा न्हाई. बाई म्हणाल्या, "वेड्यांना रांगेत उभं राहता येत नाही. तुम्ही राहा."

मला वाटलं, संपलं. तर बाई म्हणाल्या, आता ते विकत घ्यायचं.

"पण ते दुकानात पडलंय की कुलपात."

"पावती त्यांच्या खिशात आहे. एखाद्या दुपारी पावती दाखवून परत आणतील. माझ्या नावावर झालं की मागायला माझ्याकडे यावं लागेल, आणि मी देणार नाही."

अशा रीतीने, सगळे तोटे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवल्यानंतर, मेट्रनबाईंनी झाशी जिल्ह्यातलं बहुधा सगळ्यात निकामी रिव्हॉल्व्हर परवानग्या, शिक्के आणि सह्यांसकट खरेदी केलं. मिस्त्रीजींनी कपाळाला हात लावला. "दीदी, बोला था ना?" बाई म्हणाल्या, "बोला था, मिस्त्रीजी. सही बोला था." जास्त काही सांगितलं नाही. काडतुसं घेतली नाहीत. चाप आणि घोड्याची जोडणी मिस्त्रीजींकडून काढवून दुकानातच ठेवली आणि उरलेलं लोखंड घरी आणून पोलादी कपाटात कुलूपबंद केलं. किल्ली गळ्यातल्या साखळीत.

गल्लीत मात्र हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मेट्रन दीदींकडे रिव्हॉल्व्हर आहे, एवढंच सगळ्यांना माहीत. भंगारवाला वजनात मारेना. त्यांच्या भिंतीलगत बेकायदा गॅलरी काढणारे शेजारी एका आठवड्यात शुद्धीवर आले. निवडणुकीत हत्यार ठाण्यात जमा करायला गेल्या तेव्हा शिपायाने ते उचलून बघितलं आणि म्हणाला, "माताजी, इससे तो मच्छर भी न मरे." बाई म्हणाल्या, "बेटा, एक आदमी तो बच गया." शिपायाला काही कळलं नाही. त्याने पावती फाडून दिली.

सुभेदार दर गुरुवारी दुपारी दोनच्या सुमारास बाईंकडे येऊ लागले. आधी बस होती, मग त्यांनी मोपेड घेतली. जुनीच, बाईंनी तपासून. पट्ट्याची नवी भोकं हळूहळू रिकामी राहू लागली. दोघं पत्ते खेळत. सुभेदार लबाडी करत आणि बाई ती पकडून त्यांना खडसावत. गल्लीत कुजबुज झाली तेव्हा बाईंनी कुजबुजणाऱ्या बायकांना पत्ते खेळायला बोलावलं आणि त्यांनाही हरवलं.

मागच्या थंडीत बाईंना न्यूमोनिया झाला. आपल्याच इस्पितळात, पोरसवदा नर्सला सलाइनची सुई कशी धरायची यावरून झापत त्या गेल्या. त्याच्या आधी, डिसेंबरात, मला बरोबर घेऊन त्यांनी रिव्हॉल्व्हर कायमचं सरकारजमा केलं होतं. वारस म्हणून माझ्या गळ्यात ते लोखंड नको, म्हणाल्या. लायसन्सचं पुस्तक परत देताना खिडकीत बसलेल्या नव्या पोराने विचारलं, "माताजी, कभी चलाया?" त्या म्हणाल्या, "ज़रूरत नहीं पड़ी."

तेराव्याला सुभेदार इस्त्रीचा सफारी घालून आले. जेवले, भांडी उचलू लागले, कुणी ऐकेना म्हणून बसले. सगळे गेल्यावरही बसून होते. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजत आले होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो, पण बाईंसारखं काही मला विचारता येईना.

शेवटी तेच म्हणाले, "आता गुरवारी मी कुठं येऊ?"

माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाईंकडून पत्त्यांत सगळ्यात जास्त वेळा हरलेली तीच. ती माझ्या आधी म्हणाली, "आमच्याकडे या, काका. जेवायलाच या. आणि बाकीच्या दुपारी मी फोन करीन, तो उचलायचा."